मतदाराची ओळख

निवडणूक जवळ आली म्हणजे सुशिक्षित घरांतून दोन प्रश्नांचा काथ्याकूट फार होतो. कोण निवडून येणार हा पहिला, व कोण निवडून यावयास पाहिजे हा दुसरा. तिसराही एक प्रश्न आहे. परंतु तो बहुधा मतदानाच्या दिवशीं सकाळीं, चहाचे पेले पुढें असतांना, कोणास तरी आठवतो. "तेथें दाखवावयास काय न्यावयाचें?" मग कपाटें उघडलीं जातात, ट्रंका ओढल्या जातात. आजोबांचें पेन्शनचें पुस्तक मिळतें, पण आजींचें कार्ड मिळत नाहीं. नव्या सूनबाईंजवळ तीन ओळखपत्रें असतात, पण यादींत त्यांचें नांवच नसतें. हा विषय दिसावयास लहान आहे. पण त्याच्यापायीं घरांतील एखादें मत दर खेपेस वायां जातें, व तें मत बहुतेक वेळां घरांतील बाईमाणसाचें असतें. म्हणून निवडणूक डोक्यावर नसतांनाच त्याचा शांतपणें विचार व्हावा असें आम्हांस वाटतें.

भिसेगांवासारख्या ठिकाणीं या प्रश्नाचें प्रथम हंसूंच येतें. कर्जत स्टेशनास लागून असलेली ही वस्ती. नगरपरिषदेच्या हद्दींत आली तरी तिची मोड अजून गांवाचीच आहे. कोण कोणाचा नातू, कोणाची लेक कोठें दिली, हें येथें सर्वांस ठाऊक. असें असतां आपल्याच आळींतील शाळेंत जाऊन आपणच आपण आहों हें कागद दाखवून सिद्ध करावयाचें, हें वृद्धांस अपमानाचें वाटल्यास नवल नाहीं.

परंतु ओळख पटविणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं, याची साक्ष याच डोंगरांत आहे. पानिपतावर नाहींशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचें नांव घेऊन एक तोतया उठला, व १७७६ सालीं कोंकणाचा बराच मुलूख व्यापून बोरघाट चढून तो राजमाचीपर्यंत जाऊन पोंचला. किल्लेदारांनीं किल्ले दिले, लोकांनीं मुजरे केले. कारण भाऊंस जवळून पाहिलेलीं माणसें थोडीं होतीं व नांव मोठें होतें. त्याच सालीं त्याचें बंड मोडून त्यास देहांत शासन झालें. परंतु तेवढ्या अवधींत केवळ घेतलेल्या नांवावर केवढा पसारा मांडतां येतो हें सर्वांस दिसलें. मतदानाच्या खोलींत राज्य पणास लागलेलें नसतें, एकच मत असतें. पण तें मत ज्याचें आहे त्याच्याच हातून पडावें, एवढ्याचसाठीं ही सारी तपासणी आहे. आपणांस ओळखणारा शेजारी रांगेंत उभा असेल; टेबलाशीं बसलेला अधिकारी मात्र बहुधा परगांवचा असतो, व तसाच असावा हें निःपक्षपाताच्या दृष्टीनें योग्यही आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, ओळखपत्र म्हणजे मताचा हक्क नव्हे. हक्क यादींतील नांवानें येतो. ओळखपत्र केवळ त्या नांवाचा धनी हाच, एवढें सांगतें. यादींत नांव नसेल तर खिशांत दहा कार्डें असूनही मत देतां येत नाहीं. उलट नांव असेल व निवडणूक ओळखपत्र हरवलें असेल, तरी दुसरा मान्य कागद दाखवून मत देतां येतें. आमच्या घरांतून नेमकें उलटें चालतें: कार्ड जपून ठेवलें जातें, आणि यादी वर्षानुवर्षें कोणी उघडून पाहत नाहीं.

दुसरी गोष्ट, मान्य कागद कोणते. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. भिसेगांवचा मतदार विधानसभेस कर्जत व लोकसभेस मावळ या मतदारसंघांत मोडतो. २०२४ सालीं या दोन्ही निवडणुका झाल्या तेव्हां आयोगाचें छायाचित्रासह ओळखपत्र नसलेल्यांस पुढीलपैकीं कोणतेंही एक चालत होतें: आधारकार्ड, पॅनकार्ड, वाहन चालविण्याचा परवाना, पासपोर्ट, बँकेचें किंवा टपाल खात्याचें फोटो असलेलें पासबुक, फोटो असलेलीं निवृत्तिवेतनाचीं कागदपत्रें, केंद्र वा राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम किंवा पब्लिक लिमिटेड कंपनी यांनीं नोकरांस दिलेलें फोटोचें ओळखपत्र, रोजगार हमीचें जॉबकार्ड, श्रम मंत्रालयाच्या योजनेचें आरोग्यविम्याचें कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीखालीं मिळालेलें स्मार्टकार्ड, खासदार-आमदारांचें अधिकृत ओळखपत्र, आणि दिव्यांगांचें विशिष्ट ओळखपत्र. परदेशीं राहणारा व तेथील मतदार म्हणून नोंदलेला नागरिक असेल तर त्यास मात्र मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो.

या यादींत काय नाहीं तेंही लक्षांत ठेवावें. घरांत सर्वांत जपलेला कागद म्हणजे शिधापत्रिका. ती यांत नाहीं. मतदानापूर्वीं घरोघर वांटली जाणारी माहितीची चिठ्ठी केंद्र व अनुक्रमांक सांपडण्यास फार उपयोगी, पण ती ओळखीचा पुरावा नव्हे. पूर्वीं फोटोची चिठ्ठी चालत असे, तें आयोगानें २०१९ सालीं बंद केलें. आणि तरुण मंडळी सर्व कागद मोबाइलमध्यें ठेवतात, त्यांस सांगावयाचें तें हें कीं, मतदानाच्या खोलींत मोबाइल नेतां येत नाहीं. तेव्हां मूळ कागदच हातीं असावा.

नगरपरिषद, जिल्हापरिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका निराळ्या. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याची मान्य कागदांची यादी स्वतंत्र निघते. ती पहिलीशीं बरीच जुळते, पण शब्दशः एक नसते. म्हणून दर निवडणुकीचा ताजा हुकूम वाचून घ्यावा हेंच शहाणपणाचें. मतदारांची यादी मात्र या निवडणुकांसाठीं नव्यानें होत नाहीं. विधानसभेचीच यादी ठराविक तारखेची घेऊन ती प्रभागवार तोडली जाते. यावरून दोन गोष्टी निघतात. विधानसभेच्या यादींत जो नाहीं, तो नगरपरिषदेच्याही यादींत नसणार; आणि लोकसभेस ज्या शाळेंत मत दिलें, त्याच शाळेंत नगरपरिषदेचें केंद्र असेल असें धरून चालूं नये. एकाच घरांतील दोन भावांचीं नांवें दोन केंद्रांवर गेलीं कीं आम्ही सरकारास नांवें ठेवतों. आधीं यादी पाहिली असती तर तो त्रागा वांचला असता.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी उचलली, ती सांगतों. १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हां देशाच्या मतदारयाद्यांत सुमारे १७ कोटी ३२ लाख नांवें होतीं. त्यांपूर्वीं इंग्रजी अमदानींत मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींनीं बांधलेला होता; मुंबई इलाख्यांत स्त्रियांस तो प्रथम १९२१ सालीं मिळाला, तोही त्या अटींसह. स्वतंत्र भारतानें या अटी एका झटक्यानें काढून टाकल्या. परंतु याद्या होऊं लागल्या तेव्हां उत्तरेकडील अनेक प्रांतांत असंख्य स्त्रियांनीं आपलें नांव सांगितलेंच नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं ठरविलें कीं, नांवावांचून मतदार असूं शकत नाहीं. आणि सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी यादींतून काढाव्या लागल्या. निर्णय कठोर होता, पण त्यांतील तत्त्व खरें होतें. मत हें कुटुंबाचें नसतें, व्यक्तीचें असतें. आणि व्यक्ति म्हटली म्हणजे तिला स्वतःचें नांव हवें.

हें वाचून आमच्या वाचकांस वाटेल, कीं आमच्या घरांत असा प्रकार कधींच नव्हता. नव्हता खरा. पण आमच्या घरांत दुसरा प्रकार होता. लग्नाच्या दिवशीं ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें नव्या नवरीचें नवें नांव लिहावयाचें, व माहेरचें नांव माहेरींच ठेवावयाचें, ही चाल आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या हौसेनें चालली. त्यांतील माया आम्ही नाकारीत नाहीं. पण तिचा परिणाम आज आमच्या आजींच्या कागदांत दिसतो. शाळेच्या दाखल्यावर एक नांव, शिधापत्रिकेवर दुसरें, आणि बँकेंत घरीं हांक मारण्याचें तिसरें. आडनांव तर दोन्हीकडचें. अशा बाईनें आपण कोण हें सांगावें तरी कोणत्या कागदानें? जिनें पन्नास वर्षें हें घर चालविलें, तिची ओळख घरांत इतकी पक्की असते कीं घराबाहेर ती पक्की करून ठेवण्याचें कोणास सुचतच नाहीं. आणि मतदानाच्या दिवशीं कार्ड जुळलें नाहीं कीं तीच म्हणते, "राहूं द्या हो, माझ्या एका मतानें काय अडतें? तुम्ही जाऊन या." हा शब्द घरच्यांनीं ऐकून घेऊं नये.

यावर उपाय आहे, व तो सोपा आहे. किरकोळ लेखनदोषांनीं मुळींच घाबरूं नये. सरस्वतीचें सरस्वति झालें किंवा वयांत वर्षा-दोन वर्षांचा फेर पडला, एवढ्यानें मत अडत नाहीं. १९६१ च्या निवडणूक नियमांतच असें आहे कीं, माणूस तोच आहे अशी केंद्राध्यक्षाची खात्री झाल्यास यादींतील केवळ लेखनाच्या वा छपाईच्या चुकांकडे त्यानें दुर्लक्ष करावें. जुनें ओळखपत्र दुसऱ्या मतदारसंघांतून मिळालेलें असलें, तरी नांव या केंद्राच्या यादींत असल्यास तें चालतें. परंतु फोटो जुळत नसेल, किंवा नांवच सर्वस्वीं निराळें असेल, तर मात्र आधींच दुरुस्ती करून घ्यावी. त्यासाठीं नमुना ८ चा अर्ज आहे. पत्ता बदलणें, तपशील सुधारणें, हरवलेलें कार्ड पुन्हां मिळविणें, हीं सर्व कामें त्याच अर्जानें होतात. नवें नांव घालावयाचें तर नमुना ६, व मयताचें किंवा स्थलांतरिताचें नांव काढावयाचें तर नमुना ७. हे अर्ज आपल्या केंद्राच्या बूथ अधिकाऱ्याकडे देतां येतात; हा अधिकारी बहुधा गांवांतील शिक्षक किंवा अंगणवाडीची सेविकाच असते. फोनवरून विचारावयाचें तर १९५० हा क्रमांक आहे. घरांत अठरा वर्षें पूर्ण करणारें मूल असेल तर आतां जानेवारीची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. २०२२ पासून वर्षांत चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर.

सूनबाईंचा प्रश्न याहून सोपा, पण त्यांत घरांतील पुरुषांनीं स्वतः लक्ष घालावें. मुलगी सासरीं आली म्हणजे तिचें गॅसच्या पुस्तकावर, विम्यावर, शिधापत्रिकेवर नांव चढविण्याची घाई होते. मतदारयादीची कोणास आठवण राहत नाहीं. पहिली निवडणूक येते तेव्हां तिचें नांव दूर माहेरीं असतें, व ती घरींच राहते. तिनें कोणतें नांव ठेवावें हा तिचा प्रश्न आहे. माहेरचेंच ठेवलें तरी कायद्याची हरकत नाहीं. पण जें ठेवावयाचें तें सर्व कागदांवर एकच असावें, एवढें पाहावें.

येथें एका मोहाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास बिऱ्हाड करून राहतो. घर, देव व आंबे भिसेगांवांत आहेत. मग नांव तेथेंही असूं द्यावें आणि येथेंही, असें पुष्कळांस वाटतें. हें बेकायदा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें एका मतदाराचें नांव दोन मतदारसंघांत असूं शकत नाहीं, व खोटें निवेदन करून तें घातल्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. त्याच कायद्यांत हेंही आहे कीं, एखाद्या ठिकाणीं केवळ घर मालकीचें आहे एवढ्यावरून माणूस तेथील रहिवासी ठरत नाहीं. जो रोज पहांटेच्या लोकलनें मुंबईस जाऊन रात्रीं भिसेगांवीं परततो, तो येथलाच मतदार. जो गणपतीस व मे महिन्यांत येतो, तो जेथें राहतो तेथला. वडिलोपार्जित घराविषयींची ओढ सच्ची असते; पण ती यादींत दोनदां नोंदविण्याची वस्तु नव्हे.

घरांत पंचाऐंशीं वर्षांवरील कोणी असेल, किंवा कोणास चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असेल, तर लोकसभा-विधानसभेस घरीं बसून टपाली मत देण्याची सोय आहे. २०२४ पूर्वीं ही वयाची मर्यादा ऐंशीं होती. त्यासाठीं निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांच्या आंत १२-ड हा अर्ज भरावा लागतो. ही मुदत चुकली कीं मग खुर्चींत बसवून न्यावें लागतें. कित्येक वृद्धांस रांगेंतच उभें राहावयाचें असतें, व बोटावरची शाई नातवंडांस दाखवावयाची असते. तो हट्ट असल्यास तो पुरवावा.

आणि आपण पोंचण्यापूर्वींच आपल्या नांवानें कोणी मत देऊन गेलें आहे असें आढळलें तर? घरीं परत येऊं नये. आपली ओळख पटवून द्यावी. केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतात, तें मत लखोट्यांत निराळें ठेवलें जातें, त्यास प्रदत्त मत म्हणतात. परत फिरणाऱ्याचा अन्याय मात्र कोठेंही नोंदला जात नाहीं.

इतकें सर्व घरापुरतें झालें. पण सुशिक्षित घराची जबाबदारी उंबऱ्याशीं संपत नाहीं. कर्जत-खालापुरांतील वाड्यापाड्यांवर कातकरी व ठाकूर मंडळी राहतात. दिवाळी झाली कीं पुष्कळ कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर बाहेरगांवीं जातात व पावसाच्या तोंडावर परततात. मावळ लोकसभेचें मतदान झालें १३ मे २०२४ रोजीं, विधानसभेचें २० नोव्हेंबर २०२४ रोजीं, व राज्यांतील बहुतेक नगरपरिषदांचें २ डिसेंबर २०२५ रोजीं. तिन्ही तारखा भट्टीच्या हंगामांत आल्या. कामासाठीं कांहीं महिने बाहेर गेल्यानें माणसाचें मूळ गांवचें रहिवासीपण कायद्यानें जात नाहीं. परंतु पडताळणीस आलेल्यास खोपटें बंद दिसलें, व "येथें कोणी राहत नाहीं" असें शेजाऱ्यानें सांगितलें, तर नांव जाण्याची भीति असते. तो शेजारी कित्येकदां आपणच असतों. त्या वेळीं "ते भट्टीवर गेले आहेत, जूनमध्यें येतील" एवढें एक वाक्य आपल्या तोंडून गेलें तर एका कुटुंबाचीं मतें वांचतील. त्यांच्यापाशीं पासपोर्ट नसतो, परवाना नसतो. रोजगार हमीचें जॉबकार्ड व आधारकार्ड एवढ्यावरच त्यांची ओळख उभी असते, व तेंही पुष्कळदां मुकादमाच्या ताब्यांत राहतें. आपल्याकडे धुणें-भांड्यांस किंवा बागेंत कामास येणारी बाई असेल तर तिचें कार्ड तिच्याजवळ आहे कीं नाहीं, नांव यादींत आहे कीं नाहीं, हें विचारण्यास फार वेळ लागत नाहीं. कारखाने, दुकानें, कचेऱ्या यांतील नोकरांस मतदानाची पगारी सुटी कायद्यानेंच आहे. ती आपल्या स्वयंपाकघरासही लागू आहे असें समजून तिला त्या दिवशीं मोकळें करावें, व त्या दिवसाचे पैसे कापूं नयेत.

एक शेवटची सूचना. कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता, तो कितीही घरोब्याचा असो, घरांतील सर्वांचीं कार्डें "जुळवून आणतों" म्हणून मागावयास आला तर तीं देऊं नयेत. आणि घरांतील वडील माणसानेंही सर्वांचीं कार्डें एका पिशवींत घालून पिशवी आपल्या हातीं ठेवूं नये. ज्याचें कार्ड त्याच्या हातीं, व ज्याचें मत त्याच्या मनीं. एकत्र कुटुंबांत पुष्कळ गोष्टी सामायिक असतात व असाव्यात. ही एक नसावी.

म्हणून आमची विनंति एवढीच. या महिन्यांत एका रविवारीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्वांनीं एकत्र बसून यादींत आपापलें नांव, भाग व अनुक्रमांक पाहावा. प्रत्येकाचा एक तरी मान्य कागद त्या नांवाशीं ताडून पाहावा. न जुळल्यास तेथेंच अर्ज भरावा. आजींचें नांव प्रथम पाहावें, व परसांत भांडीं घासणाऱ्या बाईसही आंत बोलवून तिचें नांव त्याच बैठकींत पाहावें.